वाचकांचे प्रश्न : शहरातील परसातल्या कोंबड्यांचे रक्षण

प्रश्न : घराच्या मागच्या अंगणात आम्ही सहा कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांच्या खुराड्याला चारही बाजूंनी षटकोनी छिद्रांची जाळी लावलेली आहे. गेल्या आठवड्यात सकाळी पाहिले, तर एक कोंबडी जाळीलगत मेलेली होती. तिचे डोके गायब होते, पण बाकीचे शरीर जसेच्या तसे होते. दाराची कडी लागलेली होती आणि जाळी कुठेही तुटलेली नव्हती. त्यानंतर दोनच दिवसांनी तीन पिल्ले नाहीशी झाली आणि त्यांचे एक पीसही मागे राहिले नाही. हे एकाच प्राण्याचे काम असेल का? शेजारी विष घालण्याचा सल्ला देत आहेत, तो ऐकावा का?

उत्तर : विष घालू नका, हे आधी सांगतो. विषाने मेलेला उंदीर घुबड खाते, शेजारचे मांजर खाते आणि आपल्या कोंबड्याही त्याला चोच मारतात. शिवाय खुराड्यातली फट तशीच राहिल्याने काही दिवसांत दुसरा प्राणी तिथूनच आत येतो.

आपण सांगितलेल्या खुणांवरून ही दोन वेगवेगळ्या प्राण्यांची कामे असावीत असे वाटते. जाळी शाबूत असताना फक्त डोके जाते, तेव्हा प्राणी बहुधा आत आलेलाच नसतो. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे ती बसल्या जागेवरून हलत नाही. ती जाळीला टेकून झोपली असेल, तर मांजर किंवा उदमांजर बाहेरूनच पंजा घालून तिची मान ओढू शकते. पिल्ले मात्र मागमूस न ठेवता गेली आहेत, आणि उंदीर किंवा घूस पिल्लू बिळात ओढून नेते, तर साप ते जागच्या जागी गिळतो. मोकाट कुत्रा आत शिरला असता, तर चित्र अगदी वेगळे दिसले असते, कारण तो बहुतेक वेळा एकापेक्षा अधिक कोंबड्या मारतो आणि सगळीकडे पिसे विखुरलेली असतात. खात्री करून घ्यायची असेल, तर रात्री खुराड्याभोवती चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरावा आणि पहाटे, माणसांची ये-जा सुरू होण्यापूर्वी, त्यावर उमटलेली पावले पाहावीत.

खरी अडचण जाळीची आहे, आणि याविषयी मला थोडे कळकळीने लिहावेसे वाटते, कारण ही चूक फार जणांकडून होते. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्या प्राण्याला ती अडवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि मोठ्या छिद्रांतून उंदीर सहज ये-जा करतो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाच्या, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरच्या चौकोनी छिद्रांची, वेल्डिंग केलेली जाड तारेची जाळी लावावी. ती नुसत्या खिळ्यांवर न ठेवता वायसर घालून स्क्रूने आवळावी, म्हणजे ओढली तरी निघत नाही. जमिनीलगत याच जाळीचा ३० ते ४५ सेंटिमीटर रुंद पट्टा बाहेरच्या बाजूस आडवा अंथरून त्यावर माती व दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतो आणि तिथे त्याच्या नखांना जाळी लागते. कोंबड्यांची बसण्याची दांडी जाळीपासून इतकी दूर असावी, की बाहेरून घातलेला पंजा तिथवर पोहोचणार नाही. तेवढी जागा नसेल, तर दांडीच्या मागची बाजू फळीने बंद करावी आणि हवेसाठी वरचा भाग जाळीचा ठेवावा.

उरलेले दाणे रात्री खुराड्यात ठेवू नका. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. रात्रभर दिवा लावण्याचाही उपयोग नाही. त्याने कोंबड्यांचीच झोप मोडते. दिवेलागणीपूर्वी कोंबड्या मोजून डालाव्यात आणि कडी आपोआप सरकू नये म्हणून कोयंड्यात खिटी अडकवावी. प्रकाशावर चालणारे स्वयंचलित दार बसवले, तरी मोजणी चुकवू नये, कारण मागे राहिलेल्या कोंबडीसाठी ते दार थांबत नाही.

प्रश्न : दिवसा घार पिल्ले उचलते. बुजगावणे लावून पाहिले. चार दिवस गुण आला, पण पुढे काहीच फरक पडला नाही.

उत्तर : बुजगावणे एकाच जागी राहिले, की पक्षी त्याला सरावतात. पिल्ले लहान आहेत तोवर त्यांना आईसह वरून जाळीने झाकलेल्या जागेतच फिरू द्यावे, कारण घारीखेरीज शिक्रा आणि कावळाही त्यांच्यावर टपून असतो. वरची जाळी घट्ट ताणावी, कारण सैल जाळीत पक्षी अडकून जखमी होतात. मोठ्या कोंबड्यांना मोकळे सोडताना अंगणात दाट झुडूप किंवा खाली शिरता येईल असा बुटका आडोसा असावा. आकाशात सावली दिसताच कोंबडी ओरडून इशारा देते आणि सगळ्या धावत सुटतात, म्हणून तो आडोसा अंगणाच्या एका कोपऱ्यात नव्हे, तर त्या चरतात तिथे जवळच हवा.