माझ्या लॅपटॉपवर चालते, मावशीच्या टीव्हीवर नाही

प्रश्न : आमच्या बाबांनी १९९७ च्या तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारीत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक शूट केली होती, व्हीएचएस कॅसेटवर, ४० मिनिटं. बाबा आता नाहीत. मी जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेतला, यूएसबीचं कॅप्चर डिव्हाइस आणलं अन् सगळं लॅपटॉपवर उतरवलं. एव्हीआय फाईल झाली, २२ जीबीची. माझ्याकडे एकदम मस्त चालते. पण पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर ६४ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह म्हणतो फाईल मोठी आहे. मग हार्ड डिस्कवर पाठवली तर पुण्याला भावाच्या कॉम्प्युटरवर नुसता आवाज येतो, चित्र काळं. अमरावतीच्या मावशीच्या टीव्हीवर तर उघडतच नाही. कोणी सांगितलं म्हणून नावाच्या शेवटी एव्हीआयच्या जागी एमपी४ लिहून पाहिलं, तरी तेच. काऊन होते असं?
– एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, फाईल खराब नाही, आधी तो घोर मनातून काढा. आणि ती कॅसेट फेकू नका, काम झालं तरी.

आता काऊन ते सांगतो. महालात जुन्या वाड्यांमध्ये अजून मोडीतली पत्रं निघतात ट्रंकेतून. पाकिटावर पत्ता बाळबोध, म्हणून पत्र बरोबर घरी पोचलं, पण आत जे लिहिलंय ते वाचणारे एकटे आजोबा. तुमची एव्हीआय फाईल अशीच आहे. एव्हीआय हे नुसतं पाकीट आहे, मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये काढलेलं, आणि त्यात चित्र कुठल्या लिपीत लिहिलंय ते पाकिटावरून कळत नाही. त्या लिपीला कोडेक म्हणतात. तुमच्या लॅपटॉपला ती वाचता येते कारण कॅप्चरचं सॉफ्टवेअर टाकताना त्यानं गुपचूप तो कोडेकही टाकला. भावाच्या कॉम्प्युटरला तो कोण देणार? आवाज मात्र अशा कॅप्चरमध्ये बहुतेक वेळा पीसीएममध्ये, म्हणजे साध्या, न दाबलेल्या रूपात असतो, तो सगळ्यांना वाचता येतो, म्हणून त्याला ढोल ऐकू आले आणि मारबत दिसली नाही. आणि नाव बदलून एमपी४ करणं म्हणजे पाकिटावर खाडाखोड, आतलं पत्र मोडीतच राहिलं ना.

आत नेमकं काय आहे ते बघायला मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाईल त्यावर ओढून टाकली की व्हिडिओ कशात, ऑडिओ कशात, रुंदी उंची, सगळं सांगतं. माझा अंदाज की तुमच्याकडे हफवायूव्ही नावाचा कोडेक नाहीतर त्याचाच एखादा भाऊबंद निघेल. ७२० बाय ५७६ चं पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-कॅसेटच्या पद्धतीचं चित्र अजिबात न दाबता ठेवलं तर ४० मिनिटांचे ५० जीबी होतात, आणि हफवायूव्ही चित्रातलं काहीही न गमावता ते साधारण निम्म्यावर आणतं, तुमचे २२ तिथंच बसतात. कॅप्चर करायला ही गोष्ट उत्तमच आहे. वाटायला नाही.

आता उपाय. लोक काय सांगतात, की भावाला म्हणा कोडेक पॅक टाक. नका हो. कुठल्या तरी साइटवरून डाऊनलोड करायचं, त्याच्यासोबत चार भलत्याच गोष्टी येतात, आणि आधी नीट चालणारे व्हिडिओसुद्धा बिघडलेले मी पाहिलेत. कोडेक पॅकची ईडापीडा घेऊन जा गे मारबत! व्हीएलसी प्लेअर टाकायला सांगा, हे त्यापेक्षा कितीतरी बरं, तो फुकट आहे आणि आपले कोडेक स्वतःच्या पोटात घेऊन फिरतो, विंडोजकडे मागत नाही, तुमची फाईल त्यात बहुतेक लगेच चालेल. भावाला आजच सांगा, तोवर बघेल तरी बिचारा. पण मावशीच्या टीव्हीत तो कसा घालणार, आणि उद्या अजून दहा जणं मागतील तेव्हा दहा जणांना हेच समजावत बसणार का.

म्हणून सगळ्यांना मोडी शिकवण्यापेक्षा पत्रच बाळबोधीत उतरवून द्या. व्हिडिओतली बाळबोध म्हणजे एच.२६४. हे २००३ मधलं स्टँडर्ड आहे, आणि आज मोबाईल, टीव्ही, विंडोज, मॅक, कुठंही वाचता येतं. पाकीट एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी, एवढं त्रिकूट डोक्यात ठेवा. याच्याहून नवीन एच.२६५ आहे, फाईल अजून लहान होते, पण ते वाटण्यासाठी घेऊ नका, कारण खाली तिसऱ्या प्रश्नात आहे.

हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तुमची एव्हीआय उघडा. प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंग्जच्या यादीत जनरलखाली फास्ट ५७६पी२५ असं एक मिळेल, ते घ्या, आपल्याकडच्या कॅसेटचा आकार आणि सेकंदाला २५ फ्रेम हेच ते. क्वालिटीची पट्टी २० च्या आसपास ठेवा, तिथं उलटा हिशोब आहे, आकडा कमी तर चित्र चांगलं अन् फाईल मोठी. व्हीएचएसच्या चित्रात मुंग्या फार असतात आणि त्या मुंग्या जपण्यातच अर्धी जागा जाते, तरी ४० मिनिटं एक जीबीच्या आतबाहेर बसावीत. मग पेनड्राइव्हचं दुखणंही आपोआप गेलं. तो पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही, मग पेनड्राइव्ह ६४ चा असो की १२८ चा.

एक गोष्ट मात्र नीट बघा, घाई करू नका. व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एक आड एक ओळींची, आणि दोन्ही थोड्या वेगळ्या क्षणाची. जुन्या डब्बा टीव्हीवर ते कळत नव्हतं. कॉम्प्युटरवर मिरवणुकीतला बडग्याचा पुतळा हलला की त्याच्या हाताच्या कडेला फणीचे दात निघतात, लोक नाचताहेत तिथं तर अख्खं चित्र फणी फणी. म्हणून हँडब्रेकमध्ये फिल्टर्सच्या पानावर ही फणी घालवणारं डीइंटरलेस बंद नाही ना, एवढं तपासा. चेक कसं करायचं, तर सगळी फाईल करायच्या आधी प्रीव्ह्यूमध्ये ३० सेकंदांचा तुकडा बनवा, असा तुकडा की ज्यात हालचाल भरपूर आहे, आणि तो पॉज करून कडा बघा. सुरुवातीचा शांत रस्ता बघून ओके म्हणाल तर फसाल.

मी कुठं फसलो तेही सांगून टाकतो. एका ओळखीच्या घरच्या लग्नाची कॅसेट दुसऱ्याच एका प्रोग्रॅममधून एच.२६४ करून दिली, माझ्याकडे व्हीएलसीत सुरेख चालली, आणि त्यांच्या टीव्हीवर ऐन जेवणावळीच्या दिवशी अख्खं खानदान बसलेलं असताना काळा पडदा. एच.२६४ तर होतं! दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी मीडियाइन्फोत पाहिलं तर रंगांची माहिती किती ठेवलीय त्या ओळीत ४:२:२ लिहिलेलं, मूळ कॅप्चर तसं होतं आणि प्रोग्रॅमनं ते इमानेइतबारे तसंच ठेवलं. टीव्ही, मोबाईल बहुतेक ४:२:०, म्हणजे रंगांची त्याहून कमी माहिती, तेवढंच ओळखतात. वर सांगितलेल्या प्रीसेटमध्ये हँडब्रेक ते ४:२:० करून देतो, पण दुसरं काही वापरत असाल तर ही ओळ बघाच. आणि तेव्हापासून मी व्हीएलसीत चालली म्हणजे झाली असं मानत नाही, व्हीएलसी काहीही चालवतो, त्याची साक्ष काय कामाची. स्वतःच्या मोबाईलवर बघा, घरच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघा, आणि शेजारच्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर, ज्यात कधी काही टाकलं नाही अशा.

क्वचित असंही होतं की कोडेक त्या डिव्हाइसच्या कंपनीचा खासगी निघतो आणि हँडब्रेक फाईल उघडतच नाही. मग ज्या लॅपटॉपवर ती चालते त्याच लॅपटॉपवर, कॅप्चरच्याच सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा. म्हणून तो लॅपटॉप फॉरमॅट मारायच्या आधीच हे उरकून घ्या, नंतर आजोबाच राहिले नाहीत तर मोडी वाचायचं कोणी. २२ जीबीची मूळ फाईल ठेवाच, दोन ठिकाणी.

प्रश्न : मी घरून अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते आणि ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्ड करून मुलांना देते. फाईल एमकेव्ही होते, निम्म्या मुलांच्या फोनवर चालत नाही. हँडब्रेकनं बदलायला प्रत्येक लेक्चरला पाऊण तास लागतो आहे, लॅपटॉप तापतो. सरळ एमपी४ मध्येच रेकॉर्ड करू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : मॅडम, एमकेव्ही सोडू नका, तेही एमपी४ सारखं एक पाकीटच आहे. साध्या एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मे महिन्यात दुपारी तीनला आपल्याकडे लाइट गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी माझ्यासारखी म्हातारी असली, की तासभराचं लेक्चर अनुक्रमणिकेविना राहिलं, ते उघडणार नाही. एमकेव्ही जिथं तुटली तिथपर्यंत चालते.

आणि हँडब्रेक कशाला लावता हो. तुमच्या फाईलमध्ये चित्र बहुतेक आधीच एच.२६४ असणार, आवाज एएसी. पत्र बाळबोधच आहे, फक्त पाकीट बदलायचंय. ओबीएसच्या फाईल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, फाईल द्या, चहाचं पाणी उकळायच्या आत एमपी४ तयार, क्वालिटी तसूभरही कमी होत नाही कारण चित्राला हातच लावलेला नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली हेच आपोआप करायचा पर्यायही आहे, टिक करून टाका.

प्रश्न : मुलानं आयफोनवर काढलेले फुटाळा तलावाचे व्हिडिओ माझ्या विंडोजवर चालत नाहीत, पैसे भरून काहीतरी घ्या म्हणतो. घ्यायचं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : हेच ते एच.२६५, उर्फ एचईव्हीसी, २०१३ चं. नवे आयफोन त्यातच शूट करतात आणि विंडोज त्याचं एक्स्टेंशन विकत घ्या म्हणतं. आधी व्हीएलसीत उघडून बघा, पैसे वाचतील. पुढच्यासाठी मुलाला सांगा, फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, तिथं फॉरमॅट्स, आणि मोस्ट कंपॅटिबल. आधीच काढलेल्यांना हँडब्रेक. आणि पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं, नाहीतर तो चालेल पण फुटाळा डबक्यासारखा दिसेल.