आठ वर्षांचा मुलगा खेळायला बाहेर पडत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ८ वर्षांचा आहे, शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो, खेळाच्या वर्गाला घातलं तर दोन आठवड्यांत सोडलं, आणि आता तुम्ही त्याला खेळण्याच्या बदल्यात मोबाइलची वेळ देता. आधी हे शेवटचं थांबवा. ‘खेळलास तर अर्धा तास मोबाइल’ हा सौदा थोडे दिवस चालतो. मग मोबाइल म्हणजे बक्षीस आणि खेळ म्हणजे त्यासाठी भरायचा दंड, असं मुलाच्या मनात पक्कं बसतं. शिक्षा म्हणून पळायला लावलं तरी हेच होतं. मोबाइलची वेळ ठरलेली असावी, पण तिचा खेळाशी संबंध जोडू नये.

आता मूळ मुद्दा. या वयाचं मूल ‘मला आवडत नाही’ म्हणतं, तेव्हा पुष्कळदा त्याला ‘मला जमत नाही आणि सगळ्यांसमोर फजिती होते’ असं म्हणायचं असतं. बरोबरीच्या मुलांना झेल घेता येतो, सायकल येते; ज्याला येत नाही त्याला संघ पाडताना सगळ्यात शेवटी घेतात. असा अनुभव दोनतीनदा आला की मूल जायचं बंद होतं. म्हणून आधी शिकवा, मग पाठवा. आणि शिकवताना आजूबाजूला बघे नकोत.

झेल शिकवताना सुरुवात चेंडूने करू नका. ज्याला झेल येत नाही तो चेंडू जवळ आला की डोळे मिटतो आणि तोंड फिरवतो. ही भीती आहे, निष्काळजीपणा नाही, त्यामुळे ‘चेंडूकडे बघ’ असं ओरडून फरक पडत नाही. आधी फुगा घ्या, कारण तो हळू येतो. मग मऊ, मोठा चेंडू दोन पावलांवरून एक टप्पा देऊन टाका. कोपर किंचित वाकलेले, हात चेंडूकडे जाणारे. १० पैकी ८ झेल जमले की एक पाऊल मागे सरका, चेंडू लहान करणं त्यानंतर. फेकताना नवशिकी मुलं पुष्कळदा ज्या हाताने फेकतात त्याच बाजूचा पाय पुढे टाकतात, म्हणून जोर लागत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे हवा.

दोरीवरच्या उड्यांना जागा कमी लागते आणि दम चांगला लागतो. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून उभं केल्यावर दोन्ही टोकं त्याच्या काखेपर्यंत यायला हवीत. फार हलकी दोरी नवशिक्याला नको, ती हवेत लोंबकळते. थोडी जड दोरी छान गोल फिरते. पहिले दोन दिवस दोरीशिवाय जागच्या जागी बारीक उड्या, चवड्यांवर उतरून, गुडघे थोडे सैल ठेवून. मग दोन्ही टोकं एका हातात धरून दोरी शेजारी फिरवायची आणि ती जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की उडी. ताल बसतो तो इथे. मग दोरी डोक्यावरून आणून पायांपुढे थांबवायची, ओलांडायची, पुन्हा. नेहमीची चूक म्हणजे दोरी डोक्यावर असतानाच उडी मारणं, आणि मनगटाऐवजी अख्खा हात फिरवणं. एका वेळी ५ मिनिटं पुरे.

सायकल येत नसेल तर मागे आधाराची छोटी चाकं लावू नका. त्यांनी पायडल मारायची सवय होते, तोल शिकायचा राहूनच जातो. त्याऐवजी पायडलच काढा. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. सीट इतकी खाली करा की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. मग बसून पायांनी ढकलत चालायचं, हळूहळू पाय उचलून तरंगायचं. १० अंक मोजेपर्यंत पाय वर राहिले आणि ब्रेक दाबून थांबता आलं की पायडल पुन्हा लावा. धरायचं तर खांद्यांना धरा; हँडल धरलं तर तोल तुम्ही सांभाळता, तो नाही. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसायला हवं.

किती वेळ, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी. ती सलग नसली तरी चालते. २०-२० मिनिटांचे तीन तुकडे धरा, शाळेत चालत जाणंही धरा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला म्हणजे हालचाल मध्यम. मुलं स्वभावतः थोडं जोरात पळतात, थांबतात, पुन्हा पळतात. त्याला ‘सारखा थांबतोस’ म्हणू नका.

बाहेर पडायची वेळ शाळेतून आल्यावर खाणं झालं की लगेचची ठेवा. एकदा पडद्यासमोर बसल्यावर उठवणं तुम्हालाही जड आणि त्यालाही. बूट दाराशी, चेंडू बुटांशेजारी. पहिली १० मिनिटं घरातलं मोठं माणूस सोबत खेळायला हवं, बाकावर बसून सूचना द्यायला नव्हे. वजनाचा विषय काढू नका आणि भावंडांशी तुलना तर मुळीच नको. ‘शाब्बास’पेक्षा ‘आज शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवलेस’ हे त्याला जास्त उपयोगी पडतं.

पळून थांबल्यावर खोकला येत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर तो आळशी आहे असं समजू नका. दमा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर खेळ बंद करून त्याच दिवशी दाखवा. लंगडणं किंवा सांध्याची सूज दिसली तरी अंगावर काढू नका.

वर्गाला पुन्हा घालायचं असेल तर आधी एक तास तिथे जाऊन बघा. एक मूल प्रत्यक्ष किती मिनिटं हलतं आणि किती मिनिटं रांगेत उभं राहतं, ते घड्याळ लावून मोजा. निम्म्याहून जास्त वेळ रांगेत जात असेल तर दुसरा वर्ग शोधा, आणि जमलं तर एखाद्या मित्राला त्याच्यासोबत घाला.