खांद्याचा पट्टा: आधी छत उघडा, मग कॅटलॉग

प्रश्न : साहेब, पलूसला माझी फाउंड्री आहे. मी आणि माझ्या भागीदारानं मिळून १९६७ सालचं एक सेस्ना १७२, म्हणजे चार सीटचं छोटं विमान घेतलंय, कराडला ठेवतो. पुढच्या दोन्ही सीटना नुसता कमरेचा पट्टा आहे. खांद्याचाही बसवून घ्यावा असं माझ्या मनात आहे. भागीदाराचं म्हणणं, इतकी वर्षं विमान असंच उडतंय, आता काय नडलंय? शिवाय बघायला गेलं तर शंभर प्रकार! गाडीसारखा तिरका घ्यावा की दोन्ही खांद्यांवरून येणारा? रीलवाला की साधा? आणि ब्रॅकेट आमच्याच वर्कशॉपात करून घेतलं तर चालेल का? माल चांगला वापरू.

उत्तर : भागीदारांपासूनच सुरुवात करतो, कारण चेकवर त्यांचीही सही लागणार.

त्यांचं एक बरोबर आहे. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या सीटवर खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला आणि १२ डिसेंबर १९८६ नंतर बनलेल्यांना सगळ्याच सीटवर. तुमचं विमान त्याआधीचं, त्यामुळे तिकडच्या कायद्यानं ते सुटलेलं. पण कायद्यातून सुटलं म्हणून डॅशबोर्ड मऊ होत नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेनं, १९८५ मध्ये छोट्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास मांडला होता. ज्या अपघातांतून माणूस वाचू शकला असता अशांत जे दगावले, त्यांतले २० टक्के खांद्याच्या पट्ट्यानं वाचले असते आणि गंभीर जखमींपैकी ८८ टक्क्यांच्या जखमा बऱ्याच हलक्या झाल्या असत्या, असं त्यात निघालं. त्याच संस्थेनं २०११ मध्ये पुन्हा आकडे तपासले. नुसता कमरेचा पट्टा लावणाऱ्याला मरणाचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका दोन्ही पट्टे लावणाऱ्यापेक्षा जवळजवळ ५० टक्क्यांनी जास्त. हे आकडे त्यांना चहा पिताना सांगा, हँगरमध्ये नको. हँगरमध्ये माणूस हट्टाला पेटतो.

होतं काय, ते सांगतो. इंजिन बंद पडलं आणि तुम्ही उसाच्या फडात ५० नॉटनं, म्हणजे ताशी साधारण ९३ किलोमीटर वेगानं टेकलात. विमान सरपटत शंभर मीटरवर थांबलं तर अंगाला खरचटणारही नाही. पण बांध आडवा आला आणि तोच वेग पावणेचार मीटरात संपला, तर अंगावर ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट जोर येतो. कमरेचा पट्टा कंबर धरून ठेवतो, पण वरचं धड बिजागरीसारखं पुढे मिटतं. १७२ मध्ये पुढे काय आहे? छातीसमोर कंट्रोल व्हीलची नळी आणि कपाळासमोर पॅनेलची कड.

ही गोष्ट आजची नाही. १९१७ साली कॅनडातल्या रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दलात शिकणारा ह्यू डीहेवन नावाचा पोरगा हवेतल्या टकरीतून वाचला, पण त्याच्याच पट्ट्याच्या बकलानं त्याच्या पोटातले अवयव फाडले. पुढे आयुष्यभर तो याच विषयाच्या मागे लागला. आणि १९५४ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोत कर्नल जॉन स्टॅप रॉकेटच्या गाड्यावर स्वतःला बांधून बसला, ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला आणि थांबताना ४६ जी सोसून जिवंत उतरला. माणूस पुष्कळ सोसतो, पण तो नीट बांधलेला पाहिजे.

आता तुमचे प्रश्न. तुम्ही कॅटलॉगपासून सुरुवात केलीत. सगळेच करतात. मी म्हणतो, आधी छताचं अस्तर सोडवा, म्हणजे परवानाधारक इंजिनिअरकडून सोडवून घ्या, आणि दरवाजाच्या मागच्या खांबाच्या वर बॅटरी मारून बघा. काही जुन्या सेस्नांत कंपनीनं खांद्याच्या पट्ट्यासाठी जागा करून ठेवलेली असते, पण त्या वेळच्या मालकानं पैसे वाचवले म्हणून ती अस्तराखाली तशीच झाकून राहते. ती सापडली तर निम्मं काम झालं. तिथे गंज, चीर किंवा कुणी जुन्या काळी मारलेलं भलतंच भोक सापडलं, तर पट्ट्याआधी दुसराच खर्च निघेल. तेही आत्ताच कळलेलं बरं.

मग माप. सीटवर तुम्ही बसा, उडवताना बसता तसेच, फोटोला बसतात तसे ताठ नव्हे. खांद्याच्या मध्यावर दोरा धरायला सांगा आणि तो मागे जिथे बोल्ट येणार तिथपर्यंत ताणा. शेजारी ओळंबा सोडला की कोन मापता येतो. दोरा खांद्यापासून मागे जाताना आडव्या रेषेच्या वर ३० अंशांपर्यंत चालतो, खाली फार तर ५ अंश. हे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या, ४३.१३-२बी या मार्गदर्शिकेत दिलेलं आहे. नंतर सीट भागीदारांच्या उंचीला सरकवून त्यांनाही बसवा आणि पुन्हा मापा. उंच माणसाला बरोबर बसणारा बोल्ट बुटक्याला बसेलच असं नाही, आणि उलटही.

कोन खाली गेला तर काय होतं, त्याचा नमुना मी पाहिलाय. एका हौशी मालकानं लाल रंगाचा, चार टोकांचा, देखणा पट्टा आणवला आणि मागची टोकं सामानाच्या कप्प्याच्या फरशीला आवळून टाकली. बसलं की कसं रेसिंग कारमध्ये बसल्यासारखं वाटे. पण पट्टा खांद्यावरून थेट खाली जात होता. धक्का बसला असता तर त्यानं धड मागे धरण्याऐवजी खाली दाबलं असतं, म्हणजे सगळा भार मणक्यावर. मी त्या विमानाच्या कागदावर सही केली नाही. मालक वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी.

तिरका की दुहेरी? जागा मिळाली तर दोन्ही खांद्यांवरचा. धड दोन्ही बाजूंनी सारखं धरलं जातं. पण बाजूच्या खांबावर पक्की जागा असेल आणि छताच्या मध्यावर नसेल, तर तिरका बिनदिक्कत घ्या. तो बाहेरच्या, म्हणजे दरवाजाकडच्या खांद्यावरून आला पाहिजे, आणि कमरेच्या पट्ट्याला जिथे जुळतो तो सांधा कुल्ल्याच्या बाजूला आला पाहिजे, पोटाच्या मध्यावर नाही. पोटावर सांधा आला की धड त्याच्याभोवती फिरून पट्ट्यातून निसटतं. बरोबर बसवलेला तिरका पट्टा चुकीच्या जागी ठोकलेल्या चार टोकांच्या पट्ट्यापेक्षा कधीही सरस.

रीलचं सोपं आहे. साधा पट्टा लावून घट्ट आवळा आणि सगळ्याला हात लावून बघा: दोन सीटच्या मधल्या फरशीवरचा फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा खटका), ट्रिमचं चाक, फ्लॅप, मिक्स्चर, मॅग्नेटोची किल्ली, दरवाजाचा दांडा. १७२ मध्ये फ्युएल सिलेक्टरला वाकावंच लागतं. साध्या पट्ट्यात हात पोचला नाही तर पायलट पट्टा ढिला करतो, पुढच्या वेळी लावतच नाही, आणि तुमचे पैसे सीटच्या मागे लोंबकळत राहतात. म्हणून पायलटला तरी इनर्शिया रील घ्या. ती हळू ओढली की सुटते, हिसका दिला की अडकते. मात्र बसवण्याच्या नकाशात (ड्रॉइंगमध्ये) दाखवलीय तशीच आणि त्याच दिशेनं बसवायची. हाताला सोयीची म्हणून आडवी-तिरकी केली की काही रील नको तेव्हा अडकतात आणि हव्या तेव्हा अडकत नाहीत.

कापड पॉलिएस्टरचं घ्या. नायलॉन जास्त ताणलं जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काचेखाली उभ्या विमानात लवकर मरतं. ताण म्हणजे डोक्याचा पुढे जाणारा प्रवास. लांबलचक पट्टा किंवा शेपटीपर्यंत नेलेली केबल यांचंही तेच: जितकी लांबी, तितकं ताणणं.

बास, हूकर अशी पट्टे बनवणाऱ्यांची नावं तुम्हाला दिसतील. नावापेक्षा कागद वाचा. एसटीसी, म्हणजे विमानात बदल करायची मंजुरी, तुमच्या मॉडेलला लागू आहे का? १९६७ ची १७२ बहुतेक ‘एच’ असते, तरी डेटा प्लेट वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. पट्ट्यावर टीएसओचं, म्हणजे सुट्या भागासाठीच्या एफएएच्या मानकाचं लेबल हवं, खांद्यासकटच्या पट्ट्याला सी-११४.

आणि ब्रॅकेट. तुमचं कास्टिंग उत्तम असेल, त्याबद्दल शंकाच नाही. पण हिशेब करा. ७७ किलोचा माणूस, ९ जी, वर जोडाच्या भागांसाठी १.३३ चा गुणक, म्हणजे सुमारे ९२० किलो. दुहेरी पट्ट्यात त्याचा ४० टक्के भार खांद्याकडे धरतात, म्हणजे ३७० किलोच्या आसपास. एवढ्या वजनाचं कास्टिंग तुम्ही तुमच्या शेडच्या छताच्या पत्र्याला भोक पाडून टांगाल का? विमानाचा पत्रा तर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. ब्रॅकेट कितीही जाड करा, त्याच्यामागे सांगाड्याची फ्रेम किंवा स्ट्रिंगर (लांबीची पट्टी) आणि हिशेबानं रिव्हेट केलेला डब्लर (जोडपत्रा) नसेल, तर ब्रॅकेट पत्र्यासकट उपटून पायलटच्या मानेवर येईल. मंजूर नकाशाशिवाय ड्रिल हातात घेऊ नका, बाजारातला बोल्ट तर अजिबात नको.

व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानात हा बदल डीजीसीएला (आपल्या नागरी विमान खात्याला) मान्य कागदांवरच करायचा. अमेरिकेत अशा कामाला किरकोळ बदल म्हणून सवलत मिळते, ते पान दाखवून इथे भागत नाही. एसटीसी, बसवण्याच्या सूचना आणि नकाशे गोळा करा आणि काम मान्यताप्राप्त संस्थेकडे द्या. शेवटी लॉगबुकात नोंद आणि वजन-समतोलाचा कागद नवा, किलोभराचा फरक असला तरी.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. पट्टा छताला बांधला म्हणून सीट जागेवर राहते असं नाही. सेस्नाच्या सीटच्या रुळांची भोकं झिजून लंबगोल होतात, पिन निसटते आणि उड्डाणाच्या वेळी सीट मागे घरंगळते. रीलवाला पट्टा तिला अडवत नाही, आणि तुमच्या हातातलं व्हील तुमच्याबरोबर मागे येतं. एफएएचा २०११-१०-०९ क्रमांकाचा एडी (सक्तीचा सुरक्षा-आदेश) याच तपासणीचा आहे. अस्तर उघडलेलंच आहे तर रूळही त्याच दिवशी मोजून घ्या.

प्रश्न : भाऊ, माझी मुलगी कराडला विमान शिकते. तिची उंची कमी. खांद्याचा पट्टा मानेला काचतो म्हणून ती वर गेल्यावर सोडते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी बोलले तर ऐकत नाही. तुम्हीच सांगा.

उत्तर : ताई, मैत्रिणीचं नाव मी छापलेलं नाही, निर्धास्त राहा.

पट्टा मानेला काचतो तेव्हा बहुतेक वेळा चूक लावण्याच्या क्रमात असते. आधी कमरेचा पट्टा, तोही पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर, श्वास सोडून घट्ट. मग खांद्याचा. उलट केलं की खांद्याचा पट्टा कमरेचा वर ओढतो, बकल पोटावर चढतं आणि धक्क्यात माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. हे काचण्यापेक्षा वाईट.

तरीही काचत असेल तर तिनं इन्स्ट्रक्टरना सांगावं आणि सीट पुढे-वर करून बसावं. घरची उशी खाली घेऊ नये. मऊ उशी धक्क्यात दबते आणि तेवढाच पट्टा ढिला पडतो. पट्ट्याला चिमटा लावून तो खांद्यापासून दूर ठेवायची युक्ती मुलं करतात, तीही नको. कॉलरचा शर्ट घालावा, ओढणी-स्कार्फ घरी ठेवावा.

आणि वर गेल्यावर सोडते म्हणता, तर एप्रिलात दुपारी आगाशिवच्या बाजूनं एकदा उडू दे. तापलेल्या डोंगराची हवा असा दणका देते की डोकं छताला लागतं. त्यानंतर तिला कुणी सांगावं लागणार नाही.

प्रश्न : काका, आमच्या मायक्रोलाइटचा (अगदी हलक्या विमानाचा) पट्टा कडेला उसवलाय. कोल्हापूर नाक्यावरचा सीटकव्हरवाला जाड दोऱ्यानं शिवून देतो म्हणतो. नाहीतर भंगारातल्या मारुतीचा पट्टा आहे. काय करू?

उत्तर : दोन्ही नको. पट्ट्याची ताकद शिलाईच्या नमुन्यात आणि दोऱ्यात असते. सीटकव्हरवाल्याच्या जाड सुईची भोकं कापड आणखी कमजोर करतात. मारुतीच्या रीलला ती गाडीत ज्या कोनात बसली होती तोच कोन लागतो, आणि भंगारातला पट्टा एकदा अपघातात ताणला गेला असेल तर वरून दिसतही नाही. पट्टा निर्मात्याकडून किंवा मान्यताप्राप्त दुरुस्तीवाल्याकडून नवा करून, लेबलासकट आणा.

तोवर विमान जमिनीवर. आणि दुसरा पट्टाही तपासा: कडेचे धागे सुटलेत का, रंग उडून कापड कडक झालंय का, बकल धुळीनं जड चालतंय का. मळला असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, ब्लीच नको. सावलीत वाळवा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय रीलमध्ये जाऊ देऊ नका.