कारण लिही, मग सलाईन लाव

अगं,

तुझा मेसेज वाचला. पहिलटकरीण, 39 आठवडे, दिवसभर कळा येतायत जातायत, पिशवीचं तोंड 3 सेंटीमीटरवर अडलेलं, पाणमोट शाबूत, बाळाचे ठोके उत्तम. बाहेर नातेवाईक विचारतायत डॉक्टर काहीच का करत नाहीत, आणि सर म्हणाले ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवायचं सलाईन, लाव. तू लावलंस, रात्री सिझर झालं, नि आता विचारतेस की थांबायला हवं होतं का.

मला एकच सांग, केसपेपरवर कारण काय लिहिलंस? 'प्रोग्रेस नाही' हे कारण नाही. तासाला 1 सेंटीमीटर तोंड उघडायला हवं हा हिशोब डॉक्टर फ्रीडमनच्या 1955 च्या आलेखातून आलाय, न्यूयॉर्कच्या 500 पहिलटकरणींवरून, आणि डब्ल्यूएचओने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की खऱ्या जोराच्या कळा 5 सेंटीमीटरपासून धरा, त्याआधीच्या टप्प्याला ठरलेली वेळ नाही, आई-बाळ ठीक असतील तर तोवर घाई करू नका. म्हणजे तुझी पेशंट अडलीच नव्हती गं!

मी इंडक्शनच्या, म्हणजे बाहेरून कळा सुरू करण्याच्या, विरोधात नाही, तसं समजू नकोस. बीपी चढलंय, पाणी जाऊन वेळ झालाय, 41 आठवडे उलटलेत, तर मी एक तास वाया घालवत नाही, तोंड कच्चं असेल तर ते उघडायला फोलीज, म्हणजे फुग्याची नळी, टाकते नि कामाला लागते. पण कारण आधी लिहिते. सर तुला 2018 ची ती अमेरिकेतली अराइव्ह ट्रायल दाखवतील, 6,106 बायका, 39 आठवड्यांना इंडक्शन केलं तर सिझर 18.6 टक्के, वाट पाहिली तर 22.2. खरंय ते. पण तिथे पाणमोट फुटून ऑक्सिटोसिन चालू झाल्यावर निदान 12 तास द्यायचे, त्याआधी इंडक्शन फेल म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं. तुमच्याकडे किती तास दिले? इंडक्शन करायचं तर त्यातही थांबावं लागतं, हे कोणी शिकवतच नाही.

मला हट्टी म्हणायचे. रात्रभर लेबर रूममध्ये बसून राहते, निर्णय घेत नाही म्हणून टेबलावर फाईल आपटून ऐकवलंय मला. ठोके ऐकत, पोटावर हात ठेवून कळा मोजत बसणं हा निर्णयच होता आणि आजही मी तोच घेईन. खंत एवढीच की तेव्हा त्या पोरींच्या आईला किंवा बहिणीला आत बसू द्या म्हणून भांडले नाही, सोबत असती तर त्यांना ते तास इतके जड गेले नसते.

तू भांड. नातेवाइकांना दर दोन तासांनी स्वतः बाहेर जाऊन सांग, ठोके चांगले आहेत, अजून सुरुवात आहे. तिला चालू दे, खाऊ दे, झोपू दे. आणि सरांनी पुन्हा सलाईन लाव म्हटलं की पेन त्यांच्यासमोर धर, विचार, सर, कारण काय लिहू?