स्वतःच्या हाताचे मूल्यमापन: जाणीव आणि पुरावा

तुमचा प्रश्न असा आहे की, शिकाऊ शल्यचिकित्सक म्हणून तुम्ही केलेल्या शस्त्रक्रियेला तुम्ही स्वतः देता त्यापेक्षा वरिष्ठ कमी गुण देतात, तर विश्वास कोणावर ठेवायचा? माझे मत स्पष्ट आहे. ‘आज छान झाली’ या जाणिवेवर मुळीच विसंबू नका, पण स्वतःचे मूल्यमापन करणे सोडूही नका.

2006 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या आत्ममूल्यमापनाचा आढावा आला होता. त्यातील 20 तुलनांपैकी 13 मध्ये डॉक्टरांचा स्वतःविषयीचा अंदाज आणि बाहेरून केलेले मोजमाप यांत फारसा संबंध नव्हता, मुळीच नव्हता किंवा चक्क उलटा होता. हा आढावा केवळ शल्यचिकित्सकांचा नव्हता, त्यामुळे तो तुमच्या हाताला जसाच्या तसा लावू नये. हाताचे काम निदान डोळ्यांना दिसते आणि पुन्हा पाहता येते.

अंदाज चुकण्याचे कारण मला अहंकारापेक्षा अवधानात अधिक दिसते. शस्त्रक्रिया चालू असताना सारे लक्ष रक्तस्राव आणि पुढची पायरी यांवर असते, स्वतःच्या हालचालींसाठी ते उरतच नाही. शिवाय वरिष्ठांनी ऊती योग्य ताणून धरली, कुठल्या थरातून जायचे ते दाखवले, म्हणून काम सुकर झाले, हे आपल्या हिशेबात सहसा येत नाही. रुग्ण सुखरूप बाहेर आला की ते सारे श्रेय नकळत आपल्याच हाताला मिळते.

साध्या टाक्याचेच पाहा. वक्र सुई टोकापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर धरावी, ऊतीत काटकोनात घालावी आणि मनगट फिरवत तिच्याच वळणाने बाहेर काढावी. करणाऱ्याला टाका बसल्याचे तेवढे आठवते. शस्त्रक्रियेच्या चित्रफितीत मात्र सुई तीनदा नव्याने पकडलेली, चिमट्याने तीच कड पुन्हापुन्हा दाबलेली आणि डावा हात नुसता थांबलेला दिसतो. 2003 मधील एका अभ्यासात ज्येष्ठ प्रशिक्षणार्थींनी स्वतःची चित्रफीत पाहिल्यावर त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या अधिक जवळ आले. इतरांच्या नमुना चित्रफिती पाहून त्यात विशेष भर पडली नाही.

म्हणून वरिष्ठ काही बोलण्यापूर्वीच आपले गुण लिहून ठेवा. एकच ढोबळ आकडा देऊ नका; टोरांटोत विकसित झालेल्या ‘ओसॅट्स’सारख्या, शस्त्रक्रियेचे कौशल्य मोजणाऱ्या मापनपट्टीवर ऊतींची हाताळणी, हालचालींतील काटकसर, उपकरणांचा वापर, सहायकांचा उपयोग असे वेगवेगळे गुण द्या, आणि वरिष्ठांनाही तीच पट्टी वापरण्याची विनंती करा. पट्ट्या निराळ्या असतील तर तुमच्या तक्रारीतील तफावत कौशल्याची आहे की मोजण्याची, हेच ठरवता येणार नाही. जिथे तुमच्या आणि त्यांच्या गुणांत अंतर पडेल, तिथे चित्रफितीतला नेमका क्षण दाखवायला सांगा. एका वरिष्ठांचे मतही अंतिम मानू नये. शक्य असल्यास तीच चित्रफीत, नाव न सांगता, दुसऱ्या तज्ज्ञांकडूनही तपासून घ्यावी.