सीटी काढला होता, मग शवविच्छेदन कशाला?

प्रश्न : आमचे वडील पहाटे हायवेच्या कडेने फिरायला गेले असताना त्यांना अनोळखी गाडीने उडवलं. दवाखान्यात डोक्याचा सीटी आणि पायांचे एक्स-रे काढले. दुसऱ्या दिवशी ते गेले. डोक्यात रक्तस्राव झाल्याचं सीटीत दिसत असतानाही पोस्टमॉर्टेम केलंच. आई अजून म्हणते, ‘उगाच फाडलं त्यांना.’ परदेशात नुसत्या स्कॅनवर भागतं म्हणे. आपल्याकडे का नाही? गाडीचा पत्ता अजून लागलेला नाही. – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : आईंचं दुःख मी समजू शकते. शवागाराच्या दारात हेच वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि दर वेळी पोटात तुटलं.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे 1990च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड डिर्नहोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहाचा सीटी-एमआरआय काढून तपासणीची पद्धत बसवली. दिल्लीच्या एम्समध्ये 2021पासून ती सुरू आहे. मृतदेहाला किरणांची भीती नसते, त्यामुळे स्कॅनमध्ये अगदी बारीक थरांची चित्रं घेता येतात. चेहऱ्याची हाडं, मानेचे मणके, कमरेचं हाड हे सगळं आम्ही एरवी पूर्ण उघडत नाही. तिथले मोड सीटीत लख्ख दिसतात. छातीत साठलेली हवा तर चाकू लागताच निसटते, ती स्कॅनमध्येच नीट कळते.

पण वडिलांचा सीटी उपचारासाठी होता आणि फक्त डोक्याचा. आत आणखी काही फाटलं होतं का, हे त्यावरून सांगता येत नाही. मृत्यूनंतरच्या साध्या सीटीलाही मर्यादा आहेत. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, स्नायूंतले लहान रक्तस्राव त्यात निसटू शकतात. विष तर दिसतच नाही. त्यात मृत्यूनंतर फुप्फुसात खाली साचलेलं रक्त न्यूमोनियासारखं भासतं. म्हणून ‘नुसता स्कॅन’ प्रत्येक प्रकरणात पुरेल असं मला वाटत नाही. स्कॅन आणि शवविच्छेदन, दोन्ही हवेत. जिल्हा रुग्णालयांत निदान अपघाताच्या मृतदेहांचा तरी सीटी व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या कामाचं. ते पायांचे एक्स-रे घरात असतील तर जिवापाड जपा. चालत्या माणसाला गाडीचा बंपर लागतो तेव्हा नडगीचं हाड वाकतं आणि कधी कधी त्याचा त्रिकोणी तुकडा सुटतो. त्रिकोणाचा पाया असतो धडक बसलेल्या बाजूला आणि टोक असतं गाडी ज्या दिशेने चालली होती तिकडे. प्रत्येक वेळी असा तुकडा सुटतोच असं नाही; पण सुटला असेल, तर गाडी मागून आली की बाजूने, याचा अंदाज बांधता येतो. टाचेपासून मोडाची उंची मोजली की बंपर साधारण किती उंचीवर होता तेही कळतं. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली झुकतं, त्यामुळे मोड अपेक्षेपेक्षा खाली असेल तर चालकाने ब्रेक मारला होता का, हा प्रश्न विचारता येतो. दोन्ही पायांवरचे मोड वेगवेगळ्या उंचीवर असले, तर वडील त्या क्षणी पाऊल टाकत होते अशी शक्यता असते.

अंत्यसंस्कार झाले असले तरी त्या फिल्ममधलं हाड अजून बोलू शकतं. सीटीची सीडी आणि एक्स-रे यांची प्रत काढून ठेवा, मूळ सीडी आणि फिल्म पोलिसांच्या तपास अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या आणि पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांचं त्यावर लेखी मत मागवायची विनंती करा. अहवालात पायाच्या जखमांची टाचेपासूनची उंची लिहिली आहे का, तेही बघा.

गाडी सापडलीच नाही तरी 1 एप्रिल 2022पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत अशा मृत्यूसाठी 2 लाख रुपये भरपाई आहे. अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. तिथे तुम्हाला पोस्टमॉर्टेमचाच कागद लागेल, हे आईंना जरूर सांगा.