सिगारेटच्या फिल्टरची कांडी दाबली की पिचकते, ती का?

प्रश्न : फिल्टरच्या कांड्यांची तपासणी माझ्याकडे आहे. गासडी तीच, कागद तोच, तरी काही कांड्या टणक, काही मऊ निघतात. टो (फिल्टरमध्ये भरायचा तंतूंचा पट्टा) वाढवावा का?

उत्तर : एवढ्यात नको. टोचं वजन वाढलं की टणकपणा वाढतो खरा, पण ओढ (कश घ्यायला लागणारा जोर) जड होते आणि खर्चही चढतो. आधी कांड्या किती वेळानं मोजल्या ते पाहा. टोवर फवारलेलं ट्रायअॅसिटिन हे द्रावण सेल्युलोज अॅसिटेटच्या तंतूंना वरवर विरघळवतं आणि दोन तंतू जिथे टेकतात तिथे सांधा धरतो. याला काही तास लागतात. ताज्या कांडीची तुलना शिळीशी केली तर फरक दिसणारच.

वेळ सारखी असूनही फरक राहिला, तर ट्रायअॅसिटिन तपासा. कांडीतल्या टोच्या वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के ते असतं. कमी पडलं तर सांधे धरत नाहीत. जास्त झालं तर तंतूच वितळून आत भोकं पडतात, आणि धूर तिथून न गाळता निसटतो. सरासरी प्रमाण अगदी बरोबर असतानाही हे घडतं : टोचा पट्टा नीट फुललेला नसतो, किंवा फवाऱ्यातून मोठे थेंब पडतात. वजनकाटा हे सांगणार नाही. चार-सहा कांड्या उभ्या चिरून बघा.

ओढ तीच ठेवून टणकपणा हवा असेल, तर जाड तंतूचा, पण एकूण डेनियर (तंतूच्या जाडीचं माप) जास्त असलेला टो घ्या. ३.०/३५,००० यातला पहिला आकडा एका तंतूचा, दुसरा पूर्ण पट्ट्याचा. दुसरी वाट कागदाची. नेहमीचा गुंडाळी-कागद चौरस मीटरला २७ ग्रॅमच्या आसपास असतो. त्याहून ताठ कागद आधार देतो, मात्र तो उलगडू पाहतो आणि त्या ताणानं शिवण उकलते, म्हणून डिंकाकडे लक्ष हवं.

मोजताना भार एकच ठेवा. ७.६ मिमी व्यासाची कांडी भाराखाली ६.९ मिमी उरली, तर टणकपणा सुमारे ९१ टक्के.

प्रश्न : टोऐवजी कागद भरलेला फिल्टर लवकर का दबतो?

उत्तर : कागदात ट्रायअॅसिटिनचे सांधे नसतात, आणि धुरातला ओलावा तो शोषून घेतो. अॅसिटेटही उष्णतेनं नरमतो, पण कमी. बोटांना टणक लागणारा फिल्टर म्हणजे कमी घातक सिगारेट, असा मात्र अर्थ काढू नये.